डीसी-३ वरची नोकरी घ्यावी का? उत्तर कॅनडातल्या जुन्या विमानांबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारामतीला कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण झालं, नंतर कॅनडाचं लायसन्स मिळवलं. आता कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफच्या बाजूला एका मालवाहतूक कंपनीत डीसी-३ या दोन पिस्टन इंजिनांच्या जुन्या विमानावर उजव्या सीटची, म्हणजे सहपायलटची, शक्यता आहे, पण त्याआधी वर्षभर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करावं लागेल. ऐंशी वर्षांची विमानं तिथे अजून धंद्यासाठी का उडवतात, त्यात धोका किती आणि पुढच्या करिअरला उपयोग काय?

मी उत्तरेत डीसी-३ आणि नंतर सी-४६ (त्याच काळातलं, त्याहून मोठं दोन इंजिनांचं विमान) अशी दोन्ही विमानं मालवाहतुकीसाठी उडवली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो. आधी पैशाचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

इथे जुनं विमान कोणी हौसेनं उडवत नाही. नव्या टर्बोप्रॉपचा (टर्बाइन इंजिनानं पंखा फिरवणाऱ्या विमानाचा) हप्ता दर महिन्याला येतो, विमान उडो न उडो. डीसी-३ ची किंमत कित्येक दशकांपूर्वी वसूल झालेली असते. ते आठवडाभर उभं राहिलं तर विमा आणि जागेचं भाडं एवढाच खर्च. पेट्रोल मात्र ते भरपूर पितं, ताशी साडेतीनशे-चारशे लिटर, आणि इंजिनाच्या देखभालीचे तास मोजायला बसलात तर डोकं फिरतं. पण हा सगळा खर्च उडल्यावरच होतो. उत्तरेतलं काम असं आहे की या आठवड्यात रोज दोन फेऱ्या आणि पुढच्या आठवड्यात एकही नाही. वर्षाला काहीशे तास उडणाऱ्या विमानासाठी जुनं परवडतं, दोन-अडीच हजार तास उडवायचं असेल तर नवं. या धंद्याचं अर्थशास्त्र एवढंच आहे.

काम असं तुटक का, तर रस्ते नाहीत. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातली तुलिता किंवा फोर्ट गुड होप अशी गावं घ्या. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून आणि नदीवरून काही आठवडे ट्रक जातात, उन्हाळ्यात बार्ज (सपाट मालवाहू होड्या). मधल्या दिवसांत, म्हणजे बर्फ धरत असताना आणि सुटत असताना, विमानाशिवाय काही नाही. अलीकडे बार्जचाही भरवसा राहिलेला नाही. २०२४ मध्ये मॅकेन्झीचं पाणी इतकं उतरलं की नॉर्मन वेल्सच्या बार्ज फेऱ्या रद्द झाल्या आणि जळणसुद्धा विमानानं न्यावं लागलं. असं काम अचानक येतं तेव्हा कोपऱ्यात उभं असलेलं, हप्ता नसलेलं विमान सोन्याचं ठरतं.

दुसरं कारण धावपट्ट्या. बऱ्याच ठिकाणी त्या खडीच्या आहेत. जेट इंजिन खडी ओढून घेतं. म्हणून बोइंगनं ७३७-२०० साठी पुढच्या चाकामागे दगड अडवणारी पट्टी आणि इंजिनाखाली हवा फुंकणाऱ्या नळ्या असा खास संच काढला होता. पण ती विमानंही आता म्हातारी झाली. आमच्याकडे खडीनं नुकसान होतं ते प्रॉपच्या (इंजिनापुढच्या पंख्याच्या) पात्यांचं. टोकाला खाच पडली की इंजिनिअर कानस घेऊन ती घासून गुळगुळीत करतो आणि विमान निघतं. मालाचं म्हणाल तर डीसी-३ मध्ये साधारण तीन टन, सी-४६ मध्ये त्याच्या दुप्पट, आणि चार इंजिनांच्या डीसी-६ मध्ये बारा-तेरा टन. अलास्कात फेअरबँक्सची एव्हर्ट्स कंपनी डीसी-६ आणि सी-४६ अजून वापरते, त्यातली काही आत टाक्या बसवून खेड्यांना इंधन पोचवायला.

आता वयाचं. डीसी-३ चं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चं. आपण ज्याला डकोटा म्हणतो ते हेच विमान, युद्धात सी-४७ नावानं दहा हजारांवर बनलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवलं ते यानंच. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघणारी टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करत, त्यातही डकोटा होती. सी-४६ चं नातं तर आसामशी आहे, चाबुआ आणि जोरहाटहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला माल नेणारं हे विमान. एवढा जुना सांगाडा सुरक्षित कसा, असं घरचे विचारतील. उत्तर असं की डीसी-३ च्या आत हवेचा दाब भरत नाहीत. दाबाच्या विमानाची पत्र्याची कातडी प्रत्येक फेरीत फुगते आणि बसते, त्यातून धातू थकतो. इथे तो प्रकार नाही आणि सांगाड्याला आयुष्याची ठरावीक मर्यादाही घातलेली नाही. शत्रू एकच, गंज. उत्तरेची कोरडी थंड हवा त्या बाबतीत मुंबईच्या हवेपेक्षा कितीतरी बरी. त्यामुळे विमानाचं वय विचारू नका, इंजिनाचं विचारा: शेवटचं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) कधी, त्यानंतर तास किती, मागच्या वेळी ऑइलच्या जाळीत काय सापडलं.

इंजिनाची गोष्ट निघालीच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण नोकरीचा गाभा तिथे आहे. उणे चाळीसमध्ये नुसतं उभं असलेलं इंजिन बिघडत नाही. ते बिघडतं थंड असताना फिरवलं की, आणि गरम असताना एकदम थंड केलं की. पायलटचं बहुतेक कौशल्य ही दोन टोकं सांभाळण्यात जातं.

सकाळ कशी असते ते सांगतो. डीसी-३ च्या प्रत्येक इंजिनाला १४ सिलिंडर, सातसातच्या दोन कड्यांत वर्तुळाकार बसवलेले. रात्री इंजिनावर जाड रजईसारखं कव्हर चढवलेलं असतं. पहाटे त्याच्या खाली हीटरची फुगीर नळी खुपसायची आणि दोन तास तरी गरम हवा सोडायची. आमच्या काळचा हीटर म्हणजे चाकावरची पेट्रोल जाळणारी भट्टी. ती स्वतःच सुरू व्हायला नाटकं करायची, आणि कव्हराला आग लागू नये म्हणून एक माणूस शेजारी उभा ठेवावाच लागतो. तो माणूस पहिल्या वर्षी तुम्ही असाल. बॅटरी रात्रभर आत उबेला ठेवलेली असते, ती आणून बसवायची. सिलिंडर गरम झाले म्हणून खूश व्हायचं नाही. ऑइलची टाकी, ऑइल कूलर आणि नळ्या गरम झाल्या का ते हातमोजा काढून हात लावून बघायचं. थंड ऑइल डांबरासारखं घट्ट होतं, पंपाला ते ओढता येत नाही. इंजिन सुरू होतं, दाबाचा काटा हलत नाही, आणि बेअरिंग कोरड्या फिरतात.

जुने बुश पायलट (दुर्गम भागात उडणारे) रात्री ऑइल बादलीत काढून झोपडीतल्या शेगडीवर ठेवायचे, सकाळी ओतायचे. नंतर दुसरी युक्ती आली: रात्री इंजिन बंद करायच्या आधी ऑइलमध्ये थोडं पेट्रोल सोडायचं. ऑइल पातळ राहतं, आणि सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं. दोन्हींपैकी काहीही करा, गरम हवेला पर्याय नाही.

मग प्रॉप हातानं फिरवायचा. वर्तुळाकार इंजिनात तळाचे सिलिंडर उलटे लटकतात. रात्रभरात ऑइल झिरपून त्यांच्यात साचतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. अशा सिलिंडरवर स्टार्टरचा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि वाकलेला रॉड त्याच दिवशी तुटतो असं नाही, तो महिन्याभरानं झाडांवरून जाताना तुटतो. म्हणून दोघांनी मिळून एकेक पातं खाली ओढत मोजायचं. पातं मध्येच कडक अडलं तर थांबायचं, तळाच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा आणि ऑइल गळू द्यायचं. उणे पस्तीसमध्ये प्लग काढायला कोणालाच नको असतं, म्हणून एखादा शहाणा सांगेल की प्रॉप थोडा उलटा फिरव, सुटेल. सुटतो खरा. पण ते ऑइल इनटेकच्या पाइपात जाऊन बसतं आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. उलटं फिरवायचं नाही. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

सुरू करताना स्टार्टरवर काही पाती मोकळी फिरू द्यायची, मग मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) चालू. प्रायमरनं आधी सोडलेल्या पेट्रोलवर एखाद-दोन सिलिंडर खोकतात, धुराचा लोट येतो, मग तीन, मग पाच. आवाज जुळायला लागला की मिक्श्चरची (हवेत पेट्रोल मिसळण्याची) दांडी पुढे. अर्ध्या मिनिटात ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद. ऑइल ४० अंश आणि सिलिंडर हेड १२० अंशांना पोचेपर्यंत जागेवर उभं राहायचं, मागे कितीही लोक खोळंबले असोत.

यानंतर एक तपासणी असते जी उन्हाळ्यात औपचारिकता वाटते आणि हिवाळ्यात जीव वाचवते: प्रॉपची पिच पुढेमागे करणं. पात्यांचा कोन ऑइलच्या दाबानं बदलतो. हबमधलं ऑइल गोठल्यासारखं झालं असेल तर इंजिन बंद पडल्यावर प्रॉप फेदर होत नाही, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळत नाहीत. न वळलेला प्रॉप उघड्या दारासारखा वारा अडवतो, आणि भरलेलं डीसी-३ अशा स्थितीत एका इंजिनावर उंची टिकवू शकत नाही. म्हणून हबमध्ये गरम ऑइल पोचेपर्यंत दोन-तीनदा पिच फिरवायची. तशीच एक नजर ब्रीदर पाइपावर ठेवायची. इंजिनातली वाफ तिथून बाहेर पडताना तोंडाशी गोठते. तोंड बुजलं की आतला दाब वाढतो आणि सील फुटून सगळं ऑइल बाहेर.

उडल्यावर थंडी काही बाबतीत मित्र आहे. समुद्रसपाटीला उणे चाळीसची हवा इतकी दाट असते की विमानाला आपण सहा-साडेसहा हजार फूट खाली असल्यासारखं वाटतं. पंख भरभरून उचलतात, इंजिन जास्त जोर देतं, इतका की तक्त्यात बघून मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, इंचांत मोजतात) कमी धरावं लागतं. पेट्रोलची मात्र वाफ नीट होत नाही, म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा द्यावी लागते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचण्याची खरी भीती एवढ्या थंडीत नसते, कारण हवेत ओलच नसते. ती भीती शरदातल्या शून्याच्या आसपासच्या ढगाळ दिवसांत.

आता दुसरं टोक, उतरणं. जेटमध्ये थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी दांडी) मागे ओढून खाली येता येतं. इथे तसं केलं तर २०० अंशांच्या सिलिंडरवर उणे पस्तीसचा वारा आदळतो आणि सिलिंडरला तडे जातात. शिवाय वाराच प्रॉप फिरवायला लागतो आणि प्रॉप इंजिनाला, तेव्हा मास्टर रॉडच्या (बाकीचे रॉड ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर भार उलट्या बाजूनं येतो, जिथे ऑइलचा पापुद्रा पातळ असतो. नियम सोपा आहे: दर शंभर आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) किमान एक इंच मॅनिफोल्ड प्रेशर. दोन हजार आरपीएम असतील तर वीस इंचांखाली जायचं नाही, आणि कमी करायचं ते मिनिटाला इंच-दोन इंच. याचा अर्थ उतरण्याची तयारी खूप आधी सुरू होते. विमानतळ डोक्यावर आल्यावर ‘अरे, आपण फार उंच आहोत’ म्हणायची सोय नाही. माझ्या मते डीसी-३ वरून गेलेला पायलट पुढे कोणत्याही विमानावर नियोजनात चांगला असतो, तो यामुळे.

उंचीमापकाचं एक लक्षात ठेवा. तो प्रमाण तापमानाची हवा गृहीत धरतो. उणे चाळीसमध्ये हवेचे थर दबलेले असतात, त्यामुळे काटा विमानतळाच्या वर हजार फूट दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात सुमारे २४० फूट खाली असता. दुरुस्तीचा तक्ता गुडघ्यावर ठेवायचा. होकायंत्राचंही तसंच. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यानं दूर उत्तरेत ते निरुपयोगी होतं, म्हणून केंब्रिज बे किंवा रेझोल्यूटसारख्या ठिकाणी धावपट्टीचे आकडे खऱ्या उत्तरेवरून दिलेले असतात, चुंबकीय नव्हे. आज जीपीएस आहे, तरी हे न समजून घेता गेलेला माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो.

गोठलेल्या तळ्यावर उतरण्याबद्दल सगळे उत्सुकतेनं विचारतात, त्यामानानं ते साधं काम आहे. हिशोब असा: बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, चारनं गुणा, तेवढे किलो. बारा टनांच्या डीसी-३ ला ५५ सेंटिमीटर, बावीस टनांच्या सी-४६ ला पाऊण मीटर, आणि त्यावर आपल्या अकलेनं भर. हे निळसर स्वच्छ बर्फासाठी. वर बर्फवृष्टीचं पाणी गोठून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. आणि हे सूत्र फिरत्या वजनाचं आहे. विमान तासन्‌तास एका जागी उभं राहिलं तर बर्फ हळूहळू खाली वाकतो, त्यामुळे माल उतरवायला वेळ लागणार असेल तर जाडी जास्त हवी, नाहीतर मधूनमधून जागा बदलायची. शेपटीखाली चाक असलेल्या अशा विमानाला बर्फावर आडवा वारा लागला की ब्रेकचा उपयोग नसतो. दिशा दोन इंजिनांच्या कमीजास्त जोरावर राखायची. ते शिकायला एक हिवाळा जातो.

या विमानांचा शेवट कशानं होईल असं विचाराल तर माझं उत्तर पेट्रोल. सिलिंडर मिळतात, पत्रा मिळतो, माणसंही तयार होतात. पण या इंजिनांना शिसं घातलेलं १०० ऑक्टेनचं विमानी पेट्रोल लागतं. सुपरचार्जर लावलेल्या १८ सिलिंडरच्या आर-२८०० मध्ये (सी-४६ आणि डीसी-६ चं इंजिन) कमी ऑक्टेनचं घातलं तर ते वेळेआधी भडकून पिस्टन जाळतं. अमेरिकेनं शिशाचं पेट्रोल २०३० अखेर बंद करायचं ठरवलं आहे, अलास्काला २०३२ पर्यंत मुदत. बिनशिशाचे पर्याय येत आहेत, पण उत्तरेतल्या गावांत आजही जेट इंधन सगळीकडे मिळतं आणि पेट्रोल बऱ्याचदा आपलं आपण ड्रमांतून नेऊन ठेवावं लागतं. म्हणून काहींनी मधला मार्ग काढला. विस्कॉन्सिनच्या ऑशकॉशला बासलर कंपनी डीसी-३ चं धड लांबवून त्याला टर्बाइन इंजिनं बसवते. ही बीटी-६७ विमानं आर्क्टिकात उडतात, अंटार्क्टिकातही. आपल्या मैत्री केंद्राजवळच्या नोवोच्या धावपट्टीवर ती नेहमी दिसतात. मला विचाराल तर सांगाडा अजून तीस वर्षं उडेल, पिस्टन इंजिन नाही.

आता तुमच्या निर्णयाकडे. रॅम्पचं वर्ष हा अपमान नाही, इथली ती रीत आहे, आणि वजन कुठे बसवायचं, पट्टे कसे आवळायचे, हीटर कसा लावायचा हे तिथेच शिकता येतं. पण ‘वर्षभर’ हे कागदावर आहे का ते बघा, कारण तोंडी वर्षाची दोन वर्षं होतात. डीसी-३ चं टाइप रेटिंग (त्या विमानासाठीची परवान्यावरची नोंद) आणि दोन पायलटांच्या कॉकपिटचा अनुभव पुढे उपयोगी पडेल. मात्र मोठ्या विमान कंपन्या टर्बाइनचे तास मागतात. म्हणून दीड-दोन वर्षांत त्याच कंपनीच्या टर्बाइन विमानावर सरकता येईल का हे आधीच विचारा. नसेल तर तुमची उड्डाणतासांची वही छान दिसेल आणि फोन वाजणार नाही. भारतात परत यायचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

धोक्याबद्दल: विमानाला भिऊ नका, घाईच्या संस्कृतीला भ्या. मुलाखतीत नम्रपणे विचारा, हवा खराब म्हणून उड्डाण नाकारलेल्या कॅप्टनला दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय ऐकावं लागतं. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ बघा. मग हँगर दाखवायला सांगा. ओव्हरहॉल केलेली सुटी इंजिनं पेटीत ठेवलेली आहेत का, सुट्या सिलिंडरचं रॅक भरलेलं आहे का, इंजिन कव्हरं फाटकी आहेत की शिवलेली, हे स्वतः बघून या. रॅक रिकामं असेल तर दुसरी कंपनी शोधा. भरलेलं असेल तर नोकरी घ्या, आणि पहिल्या पगारातून आधी चांगले बूट घ्या.